बडोद्याचा विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये : भीमराव आंबेडकरांचे परदेशातील पहिले आठवडे



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, तिच्याच सभागृहात व्याख्याता म्हणून उभे राहताना मनात कृतज्ञता आहे आणि थोडे दडपणही आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते सर आम्हाला नववीत इतिहास शिकवीत. त्यांची एक सवय येथे बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. पावसाळा सरला की एका शनिवारी ते सारा वर्ग कमाटीबागेत नेत आणि त्या दिवशीचा धडा झाडाखालीच होई. अशाच एका शनिवारी त्यांनी विचारले, "१९१७ साली या बागेत एक तरुण चार-पाच तास बसून होता. महाराजांनी त्याला तीन वर्षे अमेरिकेत शिकवले होते. नोकरीही संस्थानातच होती. मग तो बागेत का बसला होता?" कोणालाच उत्तर येईना. एक जण म्हणाला, "सर, गाडी उशिरा असेल." सर म्हणाले, "गाडी वेळेवरच होती. गाडीची वेळ होईपर्यंत बसायला त्याला या शहरात दुसरी जागा नव्हती."

तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या पदव्या, ग्रंथ, चळवळी आणि राज्यघटनेचे कार्य यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते आपण वाचलेले आहे. मी आज त्यांच्या आयुष्यातील एका लहान कालखंडाविषयी बोलणार आहे. १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हाचे पहिले काही आठवडे हा माझा विषय आहे. चरित्रकारांनी या दिवसांना एखाददुसरे पान दिले आहे. माझे म्हणणे असे की, ते पान नीट वाचल्याशिवाय कमाटीबागेतील त्या चार-पाच तासांचा अर्थ लागत नाही. आणि तो अर्थ लावण्याची जबाबदारी इतर कोणत्याही गावापेक्षा आपल्या बडोद्यावर अधिक आहे.

१

न्यूयॉर्कला जाण्यापूर्वी हा विद्यार्थी कोठे बसत होता, कोठे झोपत होता, हे आधी पाहिले पाहिजे.

साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांच्या ओळीत बसता येत नसे. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसायचे आणि शाळा सुटली की तो तुकडा घरी न्यायचा, कारण शाळेचा नोकरही त्याला शिवत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने वरून पाणी ओतले तर प्यायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. पुढे कुटुंब मुंबईला आले, तेव्हा परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार होता. वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवीत आणि पहाटे दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवीत, कारण त्या खोलीत शांतता तेवढ्याच वेळी मिळत असे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे त्यांना सयाजीराव महाराजांच्या भेटीला नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, त्यामुळे एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण पार पडले.

पदवीनंतर, १९१३ च्या जानेवारीत, ते बडोद्याला संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर सुरत स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते खाली उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईला पोहोचायला एक दिवस उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार वारले. पहाटे दोन वाजता उठवणारा माणूस गेला. अमेरिकेला निघालेल्या या बावीस वर्षांच्या तरुणाच्या मनात हे दुःख अगदी ताजे होते.

त्याच सुमारास महाराज काही विद्यार्थ्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवण्याचा विचार करीत होते. भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी संस्थानशी करारपत्र केले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, अशा अटी होत्या. करारात विद्यार्थ्याने कोठे शिकावे आणि नंतर काय करावे हे लिहिलेले होते. दहा वर्षांच्या नोकरीत त्याने राहावे कोठे, हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. नोकरी म्हटली की राहण्याची जागा मिळणारच, असे करार लिहिणाऱ्यांना वाटले असावे. त्यांच्यापैकी कोणाला जागा शोधण्यासाठी नाव बदलावे लागले नव्हते.

२

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बोट न्यूयॉर्कला लागली. त्या वेळचे न्यूयॉर्क डोळ्यांसमोर आणायचे तर दोन-तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. १९१० च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या पावणेअठ्ठेचाळीस लाखांच्या घरात होती. जगातील सर्वांत उंच इमारत, वूलवर्थ इमारत, तीनच महिन्यांपूर्वी, एप्रिल १९१३ मध्ये, उघडली होती. भुयारी रेल्वे सुरू होऊन नऊ वर्षे झाली होती आणि तिचे एक स्टेशन थेट विद्यापीठाच्या दारात, ११६ व्या रस्त्यावर, होते. कोलंबिया विद्यापीठ १८९७ साली शहराच्या मध्यभागातून उत्तरेकडील मॉर्निंगसाइड टेकडीवर हलवले गेले होते. आवाराच्या मधोमध लो ग्रंथालयाची घुमटाची इमारत होती. बडोदा कॉलेजचा घुमट पाहिलेल्या माणसाला घुमटाचे नवल वाटले नसेल. घुमटाखाली पुस्तकांचे भांडार असल्याचे मात्र वाटले असेल.

शैक्षणिक वर्ष सप्टेंबरअखेर सुरू व्हायचे होते. म्हणजे नियमित वर्ग भरण्यास दोन महिने अवकाश होता. या आठवड्यांचा इतिहास म्हणूनच व्याख्यानांचा आणि प्राध्यापकांचा होऊ शकत नाही. नव्या शहरात उतरलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याप्रमाणे त्यांच्यापुढे तीन प्रश्न होते : राहायचे कोठे, खायचे काय आणि पैसे पुरवायचे कसे.

पैशांचा हिशेब आपण करू शकतो. त्या काळी एका पौंडाचे सुमारे ४ डॉलर ८७ सेंट होत. साडेअकरा पौंड म्हणजे महिन्याला सुमारे छप्पन्न डॉलर. त्यातून खोली, जेवण, कपडे, पुस्तके आणि प्रवास भागवायचा. शिवाय मुंबईत पत्नी रमाबाई आणि कुटुंबीय होते, त्यांना पैसे पाठवायचे. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्यांच्या जेवणाचे वर्णन केले आहे : एक पेला कॉफी, दोन मफिन आणि मांसाचा किंवा मासळीचा एक पदार्थ. भूक मोठी आणि पाकीट लहान, अशी ही गोष्ट होती. परदेशी गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांची ती असते. येथे बसलेल्या पालकांपैकी कित्येकांनी आपल्या मुलांच्या तोंडून ती फोनवर ऐकली असेल.

राहण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. प्रथम ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील अन्न त्यांना रुचेना; ते नीट शिजवलेले नसे आणि गोमांसाचे पदार्थ असत. आठवड्याभरातच त्यांनी ते सोडले आणि ५५४, वेस्ट ११४ वा रस्ता या पत्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये मुक्काम हलवला. तेथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला गेले. तेथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती होता. ही मैत्री जन्मभर टिकली.

ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत. काही वर्षांपूर्वी मुलाकडे गेलो असताना मी ती पायी फिरून पाहिली. हार्टले हॉल अजून त्याच नावाने उभा आहे. लिव्हिंग्स्टन हॉलला आता वॉलक हॉल म्हणतात. विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात आंबेडकरांचा अर्धपुतळा आहे आणि तेथे हिंदुस्थानातून आलेली मंडळी थांबून नमस्कार करतात. मीही केला. पण मला जास्त वेळ थांबावेसे वाटले ते ११४ व्या रस्त्यावर. जेवण आवडले नाही, म्हणून एका तरुणाने आपले सामान उचलले आणि रस्ता ओलांडून दुसरीकडे नेले, एवढीच तेथील घटना. तुम्हा-आम्हाला ही घटना म्हणजे काहीच नाही. आपण सर्वांनी खाणावळी बदलल्या आहेत. पण गोणपाटाचा तुकडा रोज घरी नेणाऱ्या मुलाच्या आयुष्यात, एखादी जागा आपल्याला नाकारत नाही, उलट आपणच तिला नाकारू शकतो, असे घडलेला हा पहिलाच प्रसंग असावा. मिळालेली खोली सोडण्याचा हक्क ज्याला आहे, त्यालाच ती खोली खऱ्या अर्थाने मिळालेली असते.

कीरांनी या दिवसांविषयी लिहिताना चालणे-फिरणे, लिहिणे-वाचणे, आंघोळ, विश्रांती अशा अगदी साध्या गोष्टींचा उल्लेख केला आहे. या साऱ्या गोष्टी बरोबरीच्या नात्याने करता येणे, हाच त्यांच्यासाठी नवा अनुभव होता. टेबलावर इतरांसमवेत ठरल्या वेळी जेवायला बसायचे, मांडीवर हातरुमाल पसरायचा, शेजारचा पाण्याचे भांडे पुढे सरकवणार आणि आपण ते हातात घेणार. साताऱ्याच्या शाळेतला नळ आणि हे भांडे यांच्यामध्ये केवढे अंतर आहे, ते मोजायला समुद्राचे मैल पुरत नाहीत.

याच न्यूयॉर्कमधून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात शेक्सपिअरच्या एका वचनाचा आधार घेऊन ते म्हणतात की, संधीची भरती माणसाच्या आयुष्यात येते, ती ओळखली पाहिजे. आईबाप मुलांना फक्त जन्म देतात, त्यांचे भाग्य घडवू शकत नाहीत, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे, आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती कितीतरी वेगाने होईल. घरापासून हजारो मैल दूर असलेला नुकता पोरका झालेला मुलगा वडिलांच्या मित्राला लिहितो आहे, हे ध्यानात घेऊन ते पत्र वाचावे. त्यात उंच इमारतींचे वर्णन नाही. आपल्याला जे मिळाले ते आपल्या माणसांना कसे मिळेल, याचा विचार आहे.

३

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. न्यूयॉर्क ही समतेची नगरी होती आणि बडोदे विषमतेची, असा सोपा निष्कर्ष काढणारा माणूस इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. ज्या वर्षी आंबेडकर अमेरिकेत उतरले, त्याच १९१३ साली अध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या केंद्रीय कचेऱ्यांतून काळ्या आणि गोऱ्या नोकरांना वेगवेगळे बसवण्यास सुरुवात झाली होती. विद्यापीठाच्या टेकडीखालीच हार्लेमचा भाग होता. दुसरीकडे घर मिळत नाही म्हणून काळे लोक तेथे दाटीवाटीने वस्ती करू लागले होते. आंबेडकरांना जे लाभले ते एका विद्यापीठाच्या आवारात, एका परदेशी विद्यार्थ्याला लाभले. ज्या शहरात त्यांची जात कोणाला ठाऊक नव्हती, त्याच शहरात दुसऱ्या कोणाची तरी जात कातडीवर लिहिलेली होती.

त्यांच्या ध्यानात हे आले नसेल असे म्हणवत नाही. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील काळ्यांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले. आपण निग्रोंच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत आणि अस्पृश्यांची स्थिती व त्यांची स्थिती यांत मोठे साम्य आहे, असे त्यात म्हटले आहे. कोणत्याही समाजात बहिष्कार चालतो तो कोणाला जवळ बसवायचे आणि कोणाला घरात घ्यायचे या प्रश्नावर, हे त्यांनी दोन खंडांत पाहिले होते.

अभ्यासाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग सर्वांना परिचित आहे. सेलिग्मन, ड्युई, शॉटवेल, रॉबिन्सन, गोल्डनवायझर अशा अध्यापकांच्या हाताखाली त्यांनी तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. १९१५ साली ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. विवाहाची बंदिस्ती हे जातीचे मूळ, असे त्याचे सार आहे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर घराचे दार कोणासाठी उघडायचे आणि कोणासाठी नाही, यावर जात उभी आहे. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हे अभ्यासाने सिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्याला ते अनुभवाने पुन्हा शिकावे लागणार होते, आणि शिकवणारे शहर आपले होते.

४

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला परतले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीवर होती ती पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. सामानाच्या नुकसानीची भरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली, असे चरित्रकार सांगतात. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांतून हा माणूस करार पाळायला बडोद्याला आला.

पुढे काय झाले ते त्यांनी स्वतःच लिहिले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटे इंग्रजी टिपण १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्यात ते सांगतात की, युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोदा स्टेशनावर उतरल्यावर 'आता जायचे कोठे' हा प्रश्न पडला, तेव्हा ती परत आली. हिंदूंच्या वीशीत प्रवेश मिळणार नव्हता. ओळखीच्यांकडे जावे तर ते संकटात पडतील किंवा नकार देतील. अखेर ते पारशांच्या एका धर्मशाळेत गेले. राखणदाराने वरची खोली दाखवली. पण हे पारशी नाहीत हे त्याच्या लवकरच ध्यानात आले, कारण अंगात सदरा आणि कस्ती नव्हती. रोजचे दीड रुपया भाडे आणि वहीत पारशी नाव, अशी तडजोड झाली. वरच्या मजल्यावर लहानशी खोली होती, बाकी दालनात अडगळ पडलेली होती आणि वटवाघळे फिरत. दिवा म्हणजे राखणदाराचा कंदील. कचेरीतही अपमान होताच. शिपाई कागद दुरून टाकीत आणि पिण्याचे पाणी मिळत नसे.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघण्याच्या तयारीत होते. वाचायला आणलेली ग्रंथालयाची पुस्तके परत करायची म्हणून ती ते गोळा करीत होते. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन दारात उभे राहिले. तू कोण, येथे कसा आलास, जागा बाटवलीस, असा भडिमार झाला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मान निघाले. हा तपशील मला नेहमी अस्वस्थ करतो. या शहरातले ग्रंथालय त्यांना पुस्तके घरी न्यायला देत होते. पुस्तके घेऊन जायला घर मात्र नव्हते.

ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. त्याने खरे तेच सांगितले : तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला होता. तो म्हणाला, पत्नी परगावी आहे, उद्या येईल, तिला विचारून सांगतो. दोघेही वाईट माणसे नव्हती. यातच या हकिकतीची खरी भीती आहे. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले चार-पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून त्या तासांविषयी फार थोडे उतरले आहे. निराधार मुलाला आठवावेत तसे आईवडील आठवले, एवढेच ते सांगतात. ज्या वडिलांसाठी सुरतेला मिठाई घेतली होती, तेच ते वडील. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात आणि हजारो लोक तेथे श्रद्धेने येतात. संकल्पाचे स्मरण करणे योग्यच आहे. पण संकल्प त्यांचा होता. आपल्या शहराच्या वाट्याला आलेली गोष्ट त्याआधीची आहे, आणि तिचेही स्मरण असावे.

महाराजांचा हेतू शुद्ध होता, याविषयी मला शंका नाही. १९०६ साली संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारा हा राजा होता. त्यांची सत्ता शाळेपर्यंत, कचेरीपर्यंत, ग्रंथालयापर्यंत पोहोचली. माडीवरच्या खोलीपर्यंत ती पोहोचली नाही. आणि पारशी समाजालाही मी वेगळा दोष देत नाही. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये भीमरावांबरोबर राहणारा नवल भथेना पारशीच होता. १९२० साली लंडनचा अर्धा अभ्यास पुरा करायला आंबेडकर पुन्हा निघाले, तेव्हा शाहू महाराजांच्या मदतीबरोबर याच भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. एकाच समाजातील माणसे; एक न्यूयॉर्कमध्ये शेजारी झोपतो आणि जन्माचा मित्र होतो, दुसरे बडोद्यात काठ्या घेऊन येतात. माणसे उपजत वेगळी नव्हती. ११४ व्या रस्त्यावर नाव विचारून आडनावावर थांबणारे शेजारी नव्हते, आणि येथे होते.

१९२५ साली कोलंबियासाठी लिहिलेला त्यांचा प्रबंध, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा विकास, लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. तो त्यांनी सयाजीराव महाराजांना, शिक्षणात केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून, अर्पण केला आहे. अकरा दिवसांत जे भोगले त्याचा हिशेब त्यांनी तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीतून वजा केला नाही. दोन्ही नोंदी त्यांनी वेगवेगळ्या ठेवल्या. आपणही त्या तशाच ठेवाव्यात. शिष्यवृत्तीचा अभिमान दाखवून खोलीची गोष्ट झाकू नये.

५

मित्रहो, व्याख्यान येथे संपवता आले असते. पण सरांनी बागेत विचारलेल्या प्रश्नाचे माझे स्वतःचे उत्तर अजून द्यायचे राहिले आहे.

आमचे घर दांडिया बाजारात होते. माडीवर एक खोली होती आणि ती विद्यार्थ्यांना भाड्याने देत असू. १९६४ साली, जूनच्या सुरुवातीला, विद्यापीठात प्रवेश घेतलेला एक मुलगा खोली विचारायला आला. पायरीखाली चपला काढून तो ओसरीवर बसला. आईने त्याला पाणी दिले. आजोबांनी गाव विचारले, विषय विचारला, आणि मग आडनाव विचारले. त्याने सांगितले. आजोबा काही बोलले नाहीत. ते आत गेले आणि मला हाक मारून म्हणाले, "त्याला सांग, खोली कालच गेली." मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. मी बाहेर जाऊन तसे सांगितले. तो उठला, "बरं" म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. तो गेल्यावर ज्या पेल्यातून तो पाणी प्यायला होता, तो पेला आईने वेगळा ठेवला. ती खोली श्रावण संपेपर्यंत रिकामी होती.

सरांनी कमाटीबागेत तो प्रश्न विचारला, तो त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर. "त्याला या शहरात दुसरी जागा नव्हती" असे ते म्हणाले, तेव्हा वर्गातली सगळी मुले झाडाकडे पाहत होती. मी खाली पाहत होतो. आजोबा दुष्ट नव्हते. भथेनांचे समाजबांधव जसे होते, तो हिंदू मित्र जसा होता, तसेच तेही होते. पण ते वाक्य बाहेर जाऊन बोलण्याचे काम माझ्या तोंडाने झाले, हे मी साठ वर्षांत विसरलेलो नाही. त्या मुलाचे पुढे काय झाले, कोणत्या खोलीत त्याने अभ्यास केला, मला ठाऊक नाही. आमच्या खोलीत केला नाही, एवढे ठाऊक आहे.

आज आपल्या शाळेची मुले न्यूयॉर्कला, लंडनला, टोरोंटोला, मेलबर्नला जातात. पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन येतो, तेव्हा आपण तीनच गोष्टी विचारतो : खोली मिळाली का, जेवणाचे काय, पैसे पुरतात का. मिळाली म्हटले की जीव भांड्यात पडतो. तेथील अनोळखी घरमालकाने आपल्या मुलाचा रंग किंवा धर्म पाहून दार लावले, तर आपण रागावतो, आणि रागावणे योग्यच आहे. त्याच वेळी आपल्या शहरात बाहेरगावचा एखादा विद्यार्थी खोलीसाठी हिंडत असतो. त्याला आता 'तुम्ही अस्पृश्य' असे तोंडावर कोणी म्हणत नाही. कायद्याने ते गुन्हा आहे. त्याला आडनाव विचारतात, 'खाणेपिणे' विचारतात, आणि मग खोली कालच गेलेली असते.

शाळेच्या कार्यकारी मंडळाने या व्याख्यानाचे मानधन देऊ केले होते. ते मी घेतलेले नाही. त्याऐवजी एक विनंती केली आहे. माजी विद्यार्थी संघाने बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी आपल्या सभासदांच्या घरांतील रिकाम्या खोल्यांची एक यादी करावी आणि त्या यादीत नाव देणाऱ्या प्रत्येकाने एकच अट मान्य करावी : भाडे विचारावे, अभ्यासाचा विषय विचारावा, हवे तर रात्री किती वाजता परत येणार तेही विचारावे, आडनाव मात्र भाडेपावती लिहायच्या वेळी विचारावे, त्याआधी नाही. दांडिया बाजारातले घर आता माझ्या नावावर आहे. माडीवरची खोली रिकामी आहे. यादीत पहिले नाव माझे लिहून घ्यावे, असे मी चिटणिसांना सांगितले आहे.